अनियोजित डाऊनटाइम (देखभालीच्या काळातील)

ठरवून हाती घेतलेल्या देखभालीच्या कामात सर्व्हर अचानक बंद पडणे, किंवा जाहीर केलेली वेळ उलटूनही परत सुरू न होणे. मुंबईकराला हा फरक मेगाब्लॉकवरून चटकन कळतो. रविवारी चारला ब्लॉक संपणार, हे नियोजित; सहा वाजले तरी गाडी कुर्ल्याबाहेर उभीच, हे अनियोजित. बँकेच्या खिडकीवर मात्र दोन्हींना नाव एकच, ‘सर्व्हर डाऊन आहे’, आणि पुढचे वाक्य बहुधा ‘जेवणाच्या सुट्टीनंतर या’.

देखभालीसाठी राखलेल्या वेळेला ‘मेंटेनन्स विंडो’ म्हणतात. रेल्वेचे ऑनलाइन आरक्षण रोज रात्री पावणेबाराच्या सुमारास थोडा वेळ बंद असते, ते यासाठीच. बँकांची ही हक्काची रात्र आता गेली. बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या सेवांपैकी एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू असल्याने मोठ्या कामासाठी आधी सूचना काढून वेळ मागावा लागतो. १८ एप्रिल २०२१ च्या रविवारी आरटीजीएस मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत असेच बंद ठेवले होते. सेवेच्या करारात ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी असेल, तर वर्षाला जेमतेम पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा मिळते. जाहीर विंडो त्यात सहसा धरत नाहीत. म्हणून बिघाडानंतरचा पहिला वाद विंडो नेमकी कधी संपली यावरच होतो.

कारणे बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. अभियंत्याच्या पडद्यावर सारख्याच दिसणाऱ्या दोन काळ्या खिडक्या, एक चालू सर्व्हरची, एक राखीव सर्व्हरची. आदेश भलत्याच खिडकीत टाइप होतो. किंवा दोन वर्षे न थांबलेले यंत्र पॅच (सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती) टाकून रीबूट केले जाते आणि त्यावरची एक सेवा उठतच नाही, कारण ती पूर्वी कोणीतरी हाताने सुरू केली होती आणि आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत घालायची राहून गेली होती. पॅचचा यात दोष नसतो, तरी बोल त्यालाच लागतो.

खरा धोका मात्र वेगळा आहे. देखभालीत जोडीतले एक यंत्र बाजूला काढले जाते आणि तेवढा वेळ दुसऱ्याला पाठीराखा उरत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, ते प्रकरण सर्व्हरचे नव्हते, पण गणित हेच होते. महापारेषण या राज्याच्या वीजवहन कंपनीच्या ४०० केव्ही कळवा–पडघा केंद्रात सर्किट एकची देखभाल सुरू असल्याने सगळा भार सर्किट दोनवर होता आणि त्यातच बिघाड झाला, असे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्या दिवशी सांगितले.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्रीचे नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आदेशाने कंपनीची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली. असा आदेश अडवणाऱ्या तपासणी-साधनातच दोष होता. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने तीही बंद पडली. किल्ली घरातच राहून दार ओढले जावे, तसे.

यावरचा उपाय म्हणजे ‘रोलबॅक’, अर्थात बदल मागे घेऊन यंत्रणा पूर्ववत करणे, आणि दूरच्या शहरातली पर्यायी डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइट, म्हणजे मुख्य यंत्रणा कोलमडली तर काम उचलून धरणारी जागा. रोलबॅकला लागणारा वेळ विंडोतच धरावा लागतो. चार तासांच्या विंडोत तिसरा तास संपला की ‘अजून दहा मिनिटे’ म्हणणाऱ्याला थांबवणारा कोणीतरी हवा. डीआर साइटही वापरून पाहिल्याशिवाय भरवशाची नसते. मुंबईच्या शेअर बाजारांनी २ मार्च २०२४ च्या शनिवारी त्यासाठी खास सत्र ठेवले: सव्वानऊ ते दहा मुख्य यंत्रणेवर, आणि साडेअकरा ते साडेबारा डीआर साइटवरून, खऱ्या पैशांचे खरे व्यवहार.