ग्रहीय हवामान व धूलिसंवेदक

ग्रहीय हवामान व धूलिसंवेदक : परग्रहाच्या किंवा उपग्रहाच्या पृष्ठभागावर उतरलेल्या स्वयंचलित यानावर बसवलेली, तेथील हवेचा दाब, तापमान, वारा, आर्द्रता, प्रारण व धूळ मोजणारी उपकरणे. यांतील बहुतेक मंगळासाठीच घडली, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः मंगळाला धरून आहे.

प्रारंभ : पृथ्वीबाहेर ठेवलेला पहिला धूलिसंवेदक म्हणून सामान्यतः अपोलो ११ मोहिमेतील (१९६९) उपकरणाचा उल्लेख होतो. ते चंद्रावर माणसांनी नेले असले, तरी त्यांच्या परतीनंतर आपोआप चालत होते. आगपेटीएवढ्या या उपकरणावर तीन सौरघट होते. धूळ साचली की त्यांची वीज घटे. अंतराळवीरांच्या यानाने चंद्रावरून परतीचे उड्डाण करताना उडालेली धूळ शेजारच्या भूकंपमापकावर बसली का, हा मात्र वादाचा विषय ठरला. सुरुवातीच्या अहवालात हा परिणाम नगण्य मानला गेला. उपकरणाचे जनक, ऑस्ट्रेलियन भौतिकीविज्ञ ब्रायन ओब्रायन यांनी तो मोठा असल्याचे मांडले आणि २००९ मध्ये जुन्या नोंदींच्या आधारे त्याचा पुनरुच्चार केला. भूकंपमापक अपेक्षेपेक्षा बराच तापला होता, हे लक्षात घेता ओब्रायन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

मंगळाच्या पृष्ठभागावरील दीर्घकालीन हवामाननोंदी व्हायकिंग १ व २ या यानांपासून (१९७६) मिळतात. व्हायकिंग १ च्या ठिकाणी दाब वर्षभरात साधारण ७ ते ९ मिलिबारांदरम्यान हलताना दिसला. हिवाळ्यात ध्रुवावर कार्बन डायऑक्साइड गोठून हवेतून कमी होतो, उन्हाळ्यात तो पुन्हा हवेत मिसळतो. एका साध्या दाबमापकाने संपूर्ण ग्रहाचा हा ऋतुक्रम टिपला.

वाऱ्याचे मापन : सर्वांत अवघड काम हेच. मंगळावरील हवेची घनता दर घनमीटरला सुमारे ०·०२ किग्रॅ., म्हणजे पृथ्वीच्या सुमारे साठाव्या हिश्श्याएवढी असते. तितक्याच वेगाच्या वाऱ्याचा जोर तेथे त्याच प्रमाणात कमी पडतो. त्यामुळे वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्यांच्या वेगमापकाऐवजी तापवलेल्या पृष्ठभागाची उष्णता वारा किती हिरावतो, हे मोजावे लागते. व्हायकिंगवर परस्परांशी काटकोनात असलेल्या, हवेपेक्षा सुमारे १०० अंश सेल्सियसने अधिक तापवलेल्या दोन बारीक सुया होत्या. त्यांवरून वेग कळे, पण दिशेचे चार पर्याय उरत. त्यांतून एक निवडण्यासाठी चार थर्मोकपलांनी (तापमानातील फरक विजेच्या रूपात दाखवणाऱ्या तारजोडांनी) वेढलेला तिसरा तप्त दांडा लावला होता. विरळ हवेत प्रारण, आधाराच्या दांड्यातून होणारे वहन व नैसर्गिक अभिसरण यांनी जाणाऱ्या उष्णतेचा वाटा वाऱ्याने नेलेल्या उष्णतेच्या तुलनेत मोठा असतो आणि हवेचे तापमान दिवसभरात साठ-ऐंशी अंशांनी बदलते; म्हणून मंद वाऱ्याच्या नोंदी जपूनच वापराव्या लागतात.

फिनिक्स यानावर (२००८) याला पर्याय म्हणून डेन्मार्कमध्ये बनवलेली एक हलकी नळी केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या तंतूंना टांगली होती. वाऱ्याने ती किती कलली, हे खालच्या आरशासह घेतलेल्या छायाचित्रांवरून मोजत. पद्धत विश्वसनीय, पण छायाचित्र घेतले त्याच क्षणाचा वारा कळणार, ही तिची मर्यादा. यानाच्या सांगाड्यामुळेही वारा वळतो, म्हणून क्युरिऑसिटी रोव्हरवर (२०१२) स्पॅनिश संवेदक दोन दांड्यांवर वेगवेगळ्या दिशांना बसवले होते. त्यांतील एका दांड्यावरचे संवेदक उतरतानाच निकामी झाले, बहुधा इंजिनांच्या झोताने उडालेल्या खड्यांमुळे. पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या (२०२१) वातसंवेदकांचीही २०२२ च्या आरंभी वाऱ्याने उडालेल्या कणांमुळे हानी झाली.

धूळ : हवेत तरंगणारी आणि उपकरणावर बसलेली धूळ वेगळी ओळखणे हा या मापनातील गाभ्याचा प्रश्न आहे. सूर्यप्रकाश मंदावला, तर दोष आकाशाचा की काचेचा, हे एकट्या सौरघटावरून ठरत नाही. कॅमेऱ्याने थेट सूर्यबिंबाची तेजस्विता मोजून तरंगत्या धुळीची प्रकाशीय जाडी (धूळ सूर्यप्रकाश किती अडवते, याचे माप) काढतात. जून २०१८ च्या वादळात ऑपॉर्च्युनिटी रोव्हरने ती १०·८ इतकी नोंदवली आणि त्यानंतर ते यान कायमचे गप्प झाले. बसणाऱ्या धुळीसाठी सोजर्नर रोव्हरवर (१९९७) काचेखालील सौरघट वापरला होता. धुळीमुळे त्याची वीज रोज सुमारे ०·२८ टक्क्यांनी घटत असल्याचे त्यावरून दिसले. क्युरिऑसिटीच्या अतिनील फोटोडायोडांभोवती (प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या संवेदकांभोवती) चुंबकांची कडी आहेत. चुंबकीय धूळ कडीकडे खेचली जाऊन मधला भाग मोकळा राहावा, ही कल्पना. धूळ तरीही बसतेच, फक्त कमी. पर्सिव्हिअरन्सवर वर पाहणारे आठ व बाजूंना पाहणारे आठ फोटोडायोड आणि आकाशाकडे रोखलेला कॅमेरा एकत्र आहेत.

वावटळी दाबातील काही सेकंदांच्या घसरणीवरून ओळखतात. इनसाइट यानाच्या (२०१८–२२) दाबमापकाने अशा हजारो घसरणी टिपल्या, मात्र त्याच्या कॅमेऱ्यांना एकही धूळभरली वावटळ दिसली नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी पर्सिव्हिअरन्सवरून अशी एक वावटळ गेली, तेव्हा मायक्रोफोनवर कण आपटल्याचे आवाज नोंदले गेले. हवेतील कण एकेक मोजणारा इटालियन संवेदक एक्झोमार्स या युरोप व रशियाच्या संयुक्त मंगळमोहिमेतील पृष्ठभागावर उतरणाऱ्या मंचासाठी तयार झाला होता. २०२२ मध्ये रशियाशी सहकार्य थांबल्याने तो मंगळावर पोहोचला नाही.

अन्यत्र : शुक्राची हवा अतिशय दाट असल्याने तेथे फिरत्या वाट्यांचा वायुवेगमापक चालतो, व्हेनेरा ९ व १० या सोव्हिएत यानांनी (१९७५) पृष्ठभागाजवळ सेकंदाला सुमारे एक मीटर किंवा त्याहून कमी वेग नोंदवला. शनीच्या टायटन या उपग्रहावर ह्यूजेन्स यानाने (२००५) सुमारे १·५ बार दाब व ९४ केल्व्हिन तापमान मोजले.