वेलीचा पीळ आणि एक चिनी अक्षर

जपानी आडनावांशी थोडी ओळख झाली की शेवटचा ‘तो’ कानात बसतो. इतो, कातो, सातो, सैतो, गोतो. कधी ‘दो’ होऊन कोन्दो, एन्दो. १८८५ साली जपानचे पहिले पंतप्रधान झालेले इतो हिरोबुमी, १९७४ साली शांततेच्या नोबेलचे मानकरी ठरलेले सातो एइसाकू. या सगळ्यांच्या आडनावात शेवटी एकच अक्षर लिहितात, आणि त्याचा अर्थ आहे वेल.

ही वेल तिथे पोहोचली ती एका मरणशय्येपाशी. सन ६६९ मध्ये सम्राट तेन्जीने आपला आजारी मंत्री कामातारी याला ‘फुजिवारा’ हे कुलनाम दिलं. फुजी म्हणजे विस्टेरिया, जांभळ्या फुलांचे लांब घोस खाली सोडणारी वेल. पुढे काही शतकं जपानचा दरबार याच घराण्याच्या मुठीत होता. घराणं पसरलं तसं शाखांनी आपल्या प्रांताचं किंवा हुद्द्याचं एखादं अक्षर पुढे घेतलं आणि मागे ‘फुजी’चं अक्षर ठेवलं. जोडशब्दात त्याचा उच्चार ‘तो’ होतो. परंपरेने सांगतात की इसे प्रांताचे ते इतो, कागाचे ते कातो. आपण गावाला ‘कर’ लावतो, त्याच चालीचं हे. मात्र आजचा प्रत्येक सातो त्या दरबाऱ्यांचा वंशज समजू नये. १८७५ साली सर्वांना आडनाव सक्तीचं झालं, तेव्हा अनेकांनी वजनदार नावं उचलली. आज सातो हे जपानमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. (फुजी पर्वताचा याच्याशी संबंध नाही. उच्चार सारखा, अक्षरं वेगळी.)

अक्षर मुळात चिनी, उच्चार ‘थंग’. लिहायला अठरा रेघा. डोक्यावर गवताची खूण, म्हणजे शब्द वनस्पतींच्या गोतावळ्यातला. खालचा भाग उच्चार सांगतो. त्याच घराण्यातलं दुसरं एक अक्षर घोड्याची खूण घेऊन ‘उसळी मारणं’ दाखवतं. टेन्सेंट कंपनीच्या चिनी नावातला ‘थंग’ तो.

चिनी भाषेत थंग ही एक वनस्पती नव्हे, ती एक सवय आहे: स्वतःचं खोड जाड करण्यात शक्ती न घालवता दुसऱ्याच्या आधाराने उजेडाकडे जाण्याची. विस्टेरिया ‘जांभळा थंग’, आणि ती कुळाने शेंगावर्गातली, वाल-पावट्याची नातलग. खुर्च्या विणायचा वेतही थंगच, पण तो ताडाच्या कुळातला. तो पीळ घालत नाही, काटेरी आकड्यांनी फांद्यांना अडकत वर जातो. १६व्या शतकात सेनापती छी जिग्वांग यांचे सैनिक समुद्री चाच्यांशी लढताना ज्या ढाली वापरत, त्या याच वेताच्या. भिंतीला मुळांनी चिकटणारी आयव्ही म्हणजे ‘सदावसंत थंग’. त्यावरून अमेरिकेतल्या आयव्ही लीग विद्यापीठांना चीनमध्ये ‘थंग शाळा’ म्हणतात, आणि मुलांना तिथे घालण्यासाठी पालकांचा जो आटापिटा चालतो त्याला ‘वेल चढणं’! आपलं तरी वेगळं काय? गुळवेल, कांडवेल, अमरवेल ही तीन वेगळ्या कुळांतली मंडळी. ‘वेल’ हे त्यांचं कुळ नाही, वागणं आहे.

जपान आणि कोरियात मात्र हे अक्षर मुख्यतः विस्टेरियाला चिकटलं. कोरियात उच्चार ‘तुंग’. तिथल्या शाळांच्या आवारात सावलीसाठी तिचे मांडव असतात. आणि तिथेच एक रोजचा शब्द आहे, ‘काल्तुंग’, म्हणजे संघर्ष. जपानीत तोच ‘कात्तो’. पहिलं अक्षर कुड्झू वेलीचं (आपल्या सह्याद्रीतली घोडवेल तिची चुलतबहीण), दुसरं विस्टेरियाचं. कोरियात याचा खुलासा असा करतात: कुड्झू एका बाजूने पीळ घालते, विस्टेरिया उलट बाजूने. एकाच झाडावर दोघी चढल्या की गुंता सुटत नाही.

पिळाची गोष्ट खरी आहे. वेलीचा शेंडा वाढताना गोल फिरत असतो; डार्विनने १८६५ साली यावर सविस्तर लिहिलं. फिरता फिरता आधार लागला की विळखा सुरू. फिरण्याची दिशा बहुतेक जातींत ठरलेली असते. सूर्य किंवा गोलार्ध तिला बदलत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दोन्ही गोलार्धांतल्या १७ ठिकाणच्या वेली तपासल्या, तर ९२ टक्के उजव्या पिळाच्या निघाल्या, म्हणजे नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारख्या: समोरून पाहिलं तर डावीकडून उजवीकडे वर चढणाऱ्या. कुड्झू त्यांतलीच. जपानी विस्टेरिया अल्पसंख्य डाव्यांतली. उलटी गुंडाळून पाहा, नवा शेंडा पुन्हा आपल्याच वळणाने जाणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं.

हा पीळ पेशीत कुठून येतो? जपानमधल्या नारा इथल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली एक धागा दाखवला. नारा म्हणजे फुजिवारा घराण्याच्या कुलदैवताचं गाव. तिथल्या कासुगा मंदिराचं चिन्हही विस्टेरिया. प्रयोग मात्र वेलीवर नव्हता, मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या सरळ वाढणाऱ्या रोपावर होता. पेशीला आतून आकार देणाऱ्या सूक्ष्मनलिका ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या बनतात. त्यातलं एकच अमिनो आम्ल बदललं तेव्हा नलिका तिरक्या लागल्या आणि अख्खं रोप डावा पीळ घेऊ लागलं.

आता गंमत अशी, की चिनी विस्टेरिया उजव्या पिळाची आहे, म्हणजे कुड्झूसारखीच. आणि ‘संघर्ष’वाला जोडशब्द आला चीनमधून. तेव्हा उलट्या पिळांचा तो सुंदर खुलासा, माझ्या मते, मागाहून जोडलेला. चीनमधल्या बौद्ध ध्यानपंथात हा शब्द शब्दांच्या जंजाळासाठी वापरत; तिथे वेल डावी की उजवी, याची कुणाला फिकीर नव्हती. नुसती जाळी पुरेशी होती. जपान-कोरियात अक्षर जिच्यावर स्थिरावलं ती वेल योगायोगाने डावी निघाली, आणि जुन्या शब्दाला वनस्पतिशास्त्राचा आधार आयता मिळाला.

माळ्यांना मात्र या फरकाचा रोख उपयोग आहे. हिवाळ्यात पानं-फुलं झडली की दोन्ही विस्टेरिया सारख्याच दिसतात. अशा वेळी ते खांबाला गुंडाळलेलं खोड पाहतात. डावीकडून उजवीकडे चढत असेल तर चिनी, उजवीकडून डावीकडे असेल तर जपानी.