सिग्नल केबिनचं म्युझियम सिम्युलेशन

रेल्वेची जुनी, बंद पडलेली सिग्नल केबिन (लिव्हर ओढून सिग्नल आणि रूळ बदलायची खोली) पुन्हा उभी करायची आणि बाहेर एकही गाडी नसताना आत मात्र गाड्या येतायत जातायत असं चालवून दाखवायचं, शिवाय बघायला आलेल्या माणसालाही लिव्हर ओढू द्यायचा, असा हा प्रकार. ब्रिटनमध्ये हे बऱ्यापैकी रुजलंय. सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या क्रू गावातल्या क्रू हेरिटेज सेंटरमधली एक्सेटर वेस्ट केबिन.

ही केबिन मुळात डेव्हनमधल्या एक्सेटर सेंट डेव्हिड्स स्टेशनजवळची, ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९१३ मध्ये बांधलेली. १९८५ मध्ये नवीन सिग्नलिंग आल्यावर बंद झाली, मग हौशी मंडळींनी ती सुटी करून क्रूला नेली आणि परत जोडली, १३१ लिव्हरच्या फ्रेमसकट! निवडही अचूक आहे, कारण हे स्टेशन भारी गुंतागुंतीचं. ग्रेट वेस्टर्नच्या लंडनच्या गाड्या एका दिशेने सुटायच्या आणि सदर्न रेल्वेच्या लंडनच्याच गाड्या बरोबर उलट्या दिशेने, त्यात सदर्नवाल्यांना पुढे एक्सेटर सेंट्रलपर्यंत १ इन ३७ चा (३७ फुटांत १ फूट) चढ, म्हणून मागून ढकलायला बँकर इंजिन लावायचं आणि ते परतही आणायचं. उन्हाळ्यातल्या शनिवारी टॉर्की-पेंटनला सुट्टीवर जाणाऱ्यांच्या जादा गाड्या असायच्या त्या वेगळ्याच.

आता हे चालतं कसं? केबिनचा जीव असतो इंटरलॉकिंगमध्ये. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सरकता भाग, नीट बसून लॉक झाल्याशिवाय सिग्नल पडतच नाही आणि एकमेकांवर आदळतील अशा दोन मार्गांचे सिग्नल एकाच वेळी देता येत नाहीत, लिव्हर हलतच नाही. जॉन सॅक्सबीने याचं पेटंट १८५६ मध्ये घेतलं होतं, पण १८८९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्मामध्ये सहलीच्या गाडीचा भीषण अपघात झाला, त्यानंतर त्याच वर्षी कायदा करून इंटरलॉकिंग, ब्लॉक सिस्टिम (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी) आणि प्रवासी गाड्यांना सलग ब्रेक (सगळ्या डब्यांना एकदम लागणारे) सक्तीचे केले गेले. म्हणून माझ्या मते सिम्युलेशनमध्ये हे लोखंडी लॉकिंग खरंच ठेवायला हवं, कॉम्प्युटरने फक्त बाहेरचं जग व्हायचं, म्हणजे शेजारची केबिन, घंटा, डायग्रामवरचे दिवे आणि वेळापत्रकातल्या गाड्या. लॉकिंगसुद्धा सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर लिव्हर कुठलाही ओढा, हाताला काही कळतच नाही. दुसरी अडचण वजनाची. खऱ्या केबिनीत डिस्टंट सिग्नलची (पुढच्या सिग्नलची आधीच सूचना देणाऱ्या) तार कधीकधी किलोमीटरभर लांब, ती ओढताना अख्खं अंग लावावं लागतं, तार गेली की लिव्हर हलका पडतो, ती ओढ स्प्रिंग किंवा वजनं लावून आणता येते.

पाहुण्यांना आधी लिव्हरचे रंग शिकवतात, स्टॉप सिग्नल लाल, डिस्टंट पिवळा, सांधे काळे, फेसिंग पॉइंट लॉक (सांधा हलू न देणारी कुलपं) निळे, वापरात नसलेले पांढरे. मग शेजारच्या केबिनशी बोलायची घंटा. एक ठोका म्हणजे लक्ष द्या, चार ठोके म्हणजे एक्स्प्रेससाठी लाइन क्लिअर आहे का, दोन म्हणजे गाडी सेक्शनमध्ये (दोन केबिनींमधल्या टप्प्यात) शिरली आणि दोन-एक म्हणजे बाहेर पडली. लाइन क्लिअर आपल्याकडेही रोजचंच, कारण भारतातली ब्लॉक पद्धत ब्रिटिशांकडूनच आली. आणि हो, लिव्हर नेहमी फडक्याने धरायचा, घामाने चकाकी जाऊन गंज चढतो.

सगळीकडे केबिन हलवावी लागतेच असं नाही. सेंट ऑल्बन्स साउथ ही १८९२ ची केबिन १९७९ मध्ये बंद पडली तरी जागच्या जागी, चालू मेन लाइनला लागूनच जपलीय. क्रूमध्येच क्रू नॉर्थ जंक्शनची केबिनही तिच्या मूळ जागी आहे, युद्धकाळातली, बाँबपासून बचावासाठी जाड काँक्रीटच्या भिंतींची.

लिव्हरनंतरचा काळही आता म्युझियममध्ये येतोय. १९६८ चं स्विंडनचं पॅनल (बटणांचा सिग्नल बोर्ड) २०१६ मध्ये बंद झालं आणि डिडकॉट रेल्वे सेंटरला नेऊन सिम्युलेशनवर चालू केलं. तिथे लिव्हर नाहीतच, मार्ग जिथून सुरू होतो तिथलं बटण आणि जिथे संपतो तिथलं बटण दाबलं की मधले सगळे सांधे आपोआप लागतात.