पार्श्वभूमी : बरोक चित्रकार आणि सोललेला माणूस

रेम्ब्रांटने १६३२मध्ये रंगवलेलं 'डॉ. टुल्प यांचा शरीररचनेचा धडा' हे चित्र इतकं डोळ्यांत बसलंय, की बरोक काळातले, म्हणजे साधारण सतराव्या शतकातले, युरोपीय चित्रकार शवविच्छेदनाच्या टेबलाशीच शिकले असं आपण धरून चालतो. चित्रात टुल्प चिमट्याने मृतदेहाच्या हातातले स्नायू उचलून धरतो आणि त्यांनी बोटं कशी वळतात, ते स्वतःच्या डाव्या हाताने दाखवतो. पण बघणारे आहेत ते ॲमस्टरडॅमच्या शल्यवैद्यांच्या संघातले. शिकाऊ चित्रकार त्यात कुणी नाही. त्याच्या वाट्याला प्रेत क्वचितच यायचं. यायचा तो आधीच कुणीतरी सोललेला, घडवलेला नाहीतर छापलेला माणूस.

छापलेला आधी आला. १५४३मध्ये बाझलला शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियसचा ग्रंथ निघाला. त्यातले कातडी उतरवलेले पुरुष टेकड्या-गावांच्या पार्श्वभूमीवर ऐटीत उभे आहेत, जणू फिरायला निघालेत. वीस वर्षांनी, १५६३मध्ये, फ्लॉरेन्सला चित्रकार वासारीच्या पुढाकाराने कलाकारांची अकादमी निघाली. तिच्या तरुण सदस्यांसाठी सांता मारिया नुओवा रुग्णालयात शवविच्छेदन व्हायचं, तेही हिवाळ्यात. उन्हाळ्यात देह टिकणार किती?

त्याच शहरातल्या चित्रकार चिगोलीने यावर तोडगा काढला. प्रेतांचा अभ्यास करता करता तो आजारी पडला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. १६००च्या सुमारास त्याने कातडी नसलेल्या माणसाची छोटी मेणाची मूर्ती घडवली. ती कुजत नाही, वास मारत नाही, हवी तशी फिरवून मागून-पुढून काढता येते. तिच्यावरून पुढे ब्राँझच्या प्रतीही ओतल्या गेल्या. माझ्या मते बरोक शिक्षणातली खरी क्रांती टेबलावर नव्हे, या मूर्तीत आहे.

बोलोन्यात चित्रकार काराच्ची बंधूंच्या अकादमीत १५८०च्या दशकापासून जिवंत मॉडेलवरून रेखाटन आणि शरीररचना यांची सांगड घातली जात होती. फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने इटलीतल्या मुक्कामात काढलेली सोललेल्या देहांची रेखाटनं पाहिली की चिगोलीसारख्या मूर्तीचं मोल कळतं. त्याचे देह पडलेले नाहीत. ते पीळ घेतात, हात उगारतात, आणि एकाच चित्रात तोच देह वेगळ्या कोनातून पुन्हा येतो. मेलेला माणूस अशी पोज देत नाही. रुबेन्सच्या समोर बहुधा छोट्या मूर्तीच असाव्यात, असं अभ्यासक मानतात. रोममध्ये चित्रकार पिएत्रो दा कोर्तोनानेही तरुणपणी शरीररचनेची चित्रं काढली, पण ती छापून यायला १७४१ उजाडलं.

पॅरिसची चित्र-शिल्पकलेची राजेशाही अकादमी १६४८ची. तिथे शरीररचना शिकवायला शल्यवैद्य नेमला गेला. १६६०च्या दशकात चित्रकार-शिल्पकारांसाठी सोपं पुस्तकही आलं, पण त्यातल्या आकृत्या चक्क व्हेसेलियसवरून उतरवलेल्या. सव्वाशे वर्षं उलटली तरी तोच माणूस.

शेवटची पायरी रोममध्ये, १६९१ची. शल्यवैद्य जेन्गा आणि तिथल्या फ्रेंच अकादमीचा माजी प्रमुख एरार यांचं चित्रकारांसाठीचं पुस्तक दोघांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्यात साध्या माणसाबरोबर फार्नेसे हर्क्युलिस आहे, लाओकून आहे. विद्यार्थ्यांनी ज्यांच्यावरून हात बसवला, तेच संगमरवरी पुतळे, आता कातडी उतरवून.