पाटीवरचं ‘माजी शासकीय’ : विदर्भातल्या तालुक्याच्या हायस्कुलाची पार्श्वभूमी

यवतमाळ, वाशिम, अमरावतीकडच्या तालुक्याच्या गावांत फिरताना एखाद्या ऐसपैस आवाराच्या फाटकावर पाटी दिसते : ‘जिल्हा परिषद (माजी शासकीय) हायस्कूल’. सरकारने या शाळा जिल्हा परिषदांकडे सोपवून कितीतरी वर्षं झाली, पण कंसातला मजकूर कोणी पुसला नाही. गावातली जुनी माणसं तर आजही ‘गव्हर्मेंट शाळा’च म्हणतात.

पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला जिल्हा परिषदेचं हायस्कूल ही गोष्टच जरा नवी वाटते. तिकडे जिल्हा परिषद म्हणजे सातवीपर्यंतची मराठी शाळा. त्यापुढचं शिक्षण म्हणजे रयत, नाहीतर दुसरी एखादी संस्था. विदर्भात आणि मराठवाड्यात तसं नाही, कारण 1956 आधी हे दोन्ही भाग वेगळ्या राज्यांत होते आणि तिथली मोजकी मोठी हायस्कुलं सरकारनेच चालवली होती. राज्य बदललं, कायदे बदलले, तशा या शाळा या हातातून त्या हातात गेल्या. आजचे त्यांचे बरेचसे प्रश्न या हस्तांतरांतून आले आहेत, असं माझं मत आहे. शिक्षक वाईट, पोरं वाईट, हे नंतरचं.

सुरुवात कापसापासून करावी लागते. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. जिनिंग, कापसाचा बाजार, तहसील कचेरी आणि कोर्ट जिथे आलं, तिथेच इंग्रजी शिकवणारी शाळा काढण्याची गरज सरकारला वाटली. कारकून, वकील आणि सर्कल इन्स्पेक्टर कुठून तरी यायलाच हवे होते. 1903 मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. तिथली शिक्षणाची उतरंड अशी : चौथीपर्यंत प्राथमिक, मग मिडल, मग हायस्कूल आणि शेवटी मॅट्रिक. इंग्रजी असलेल्या मिडलला ‘एव्ही’, म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर, म्हणत. खेड्यातला मुलगा एव्ही झाला की घरात पुढचा प्रश्न उभा राहायचा, हायस्कूलला ठेवायचं कुणाकडे?

डॉ. पंजाबराव देशमुखांनी हा प्रश्न नेमका ओळखला होता. पापळसारख्या खेड्यातून आलेल्या या माणसाने अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, 1930 मध्ये प्रांताचं शिक्षणमंत्रिपद सांभाळलं आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. वऱ्हाडात गावोगावी दिसणारी ‘शिवाजी हायस्कूल’ ही त्याच झाडाची फांदी. सरकारी हायस्कुलाला खरा स्पर्धक मिळाला तो इथून, आणि गरीब शेतकऱ्याच्या पोराच्या दृष्टीने ते बरंच झालं.

दुसरी मोठी घडामोड वर्ध्याची. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिकवणारी ‘नई तालीम’ जन्माला आली. देशभर तिचा बोलबाला झाला. शेजारच्याच तालुक्यांतल्या हायस्कुलांत मात्र टकळीचा एखादा तास यापलीकडे तिचा माग फारसा लागत नाही. मॅट्रिकचा पेपर टकळीवर निघत नव्हता, हे त्याचं साधं कारण.

हाताला काम शिकवायचं खातं या शाळांत आलं ते दिल्लीहून. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने 1953 मध्ये ‘बहुउद्देशीय’ शाळांची शिफारस केली. एकाच छपराखाली सात प्रवाह : मानव्य, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. मॅट्रिक होऊन प्रत्येकाने कॉलेजच गाठावं असं नाही, काही जणांनी हातात कसब घेऊन बाहेर पडावं, ही कल्पना. सरकारी हायस्कुलांकडे जागा होती, केंद्राकडून पैसा आला आणि काही शाळांच्या नावात ‘मल्टिपर्पज’ शिरलं. अशा आवारात आजही मागच्या बाजूला एक लांबट शेड असते. आत सुतारकामाची जाड लाकडी बाकं, त्यांना बसवलेले लाकूड पकडायचे शेगडे, कोपऱ्यात गंजलेलं लेथ, भिंतीवर हत्यारं टांगायची फळी आणि तिच्यावर रंगवलेल्या करवत-रंध्याच्या आकृत्या. हत्यारं गेली, आकृत्या राहिल्या.

योजना फसली कशी, हे तेव्हाच्याच कारभारातून दिसतं. शेड बांधायला पैसा मिळाला, पण तांत्रिक विषय शिकवणारा पदवीधर मिळेना. तसे शिक्षक घडवायला अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक महाविद्यालयं काढली गेली ती 1963 मध्ये, म्हणजे शिफारशीनंतर दहा वर्षांनी. तोवर ‘टेक्निकल’ ही कमी मार्कांच्या पोरांची तुकडी झाली होती. पुढे 1964-66 च्या कोठारी आयोगाने दहावीपर्यंत प्रवाह पाडूच नयेत असं सांगितलं आणि विषय मिटला. 1975 मध्ये नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली, जुनी अकरावी मॅट्रिक संपली. काही हायस्कुलांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलं गेलं. 1980 च्या दशकाअखेरीस तिथे ‘एमसीव्हीसी’, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, आले. जुनीच कल्पना, दोन इयत्ता वर सरकवलेली.

मधल्या काळात मालकही बदलले. 1948 च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडात तहसील पातळीवर जनपद सभा, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था, आल्या. 1956 मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. पंचायत राज्याचा आराखडा बनवणारी समिती वसंतराव नाईकांची, म्हणजे पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या माणसाची. तिच्या अहवालावरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यानंतर सरकारी हायस्कुलं त्यांच्याकडे आली. सरकारी शिक्षक आणि परिषदेचा शिक्षक यांच्या सेवाशर्ती, सेवाज्येष्ठता आणि बदल्या वेगळ्या असल्याने, पाटीवरचे ते दोन शब्द कागदोपत्री उपयोगाचे होते. चंद्रपूरचं ज्युबिली हायस्कूलही आज जिल्हा परिषदेकडेच आहे.

या शाळांची एक मिळकत मात्र कोणत्याही खासगी संस्थेला सहज जमवता येणार नाही : दाखल-खारीज रजिस्टर. लाल कापडाच्या बांधणीची, कडा वाळवीने खाल्लेली जाडजूड वही. त्यात नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, राहण्याचं गाव, शाळा सोडल्याचं कारण. जात पडताळणीला पुरावा हवा असतो तो अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. त्यामुळे बारावीचे निकाल लागले की हेडमास्तरांच्या खोलीबाहेर आजोबांची नोंद शोधणाऱ्यांची रांग लागते. नोंद सापडली तर बाबू पान उघडून बोट ठेवतो, शाईचा डाग आणि खाडाखोड नाही ना हे दोघे वाकून बघतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली तेव्हा या वह्यांना आणखी भाव आला. नातवाला इथे प्रवेश घ्यायचा नसतो, आजोबाचा दाखला तेवढा हवा असतो.

प्रवेश कोण घेतं? आसपासच्या खेड्यांतल्या मुली बऱ्याच. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटी बसने त्यांचं हायस्कूल शक्य केलं. ज्या घरांत दुचाकी आणि फीचे पैसे आहेत, तिथली मुलं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसतात. पट घसरतो आणि पट घसरला की पदं जातात. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयाने हे निकष आणखी कडक केले. वर्गाला गणिताचा शिक्षक नाही म्हणून पालक मूल काढतात, मूल काढलं म्हणून पुढच्या वर्षी पद मंजूर होत नाही.

जमीन मात्र तशीच आहे, आणि आता ती गावाच्या मधोमध आली आहे. काही ठिकाणी आवाराच्या रस्त्याकडच्या बाजूला दुकानांचे गाळे निघाले. मोबाईल रिपेअरिंग, कृषी केंद्र, झेरॉक्स. गाळ्यांचं भाडं जिल्हा परिषदेच्या उत्पन्नात जमा होतं. मागच्या शेडवरची फुटकी कवेलू बदलण्याचा प्रस्ताव वेगळ्या टेबलावर असतो.