मेड

घरकाम करणाऱ्या पगारी बाईसाठी मराठीत रूढ झालेला इंग्रजी शब्द. तो 'मेडन', म्हणजे कुमारिका, या शब्दाचे आखूड रूप. पुढे त्याला मोलकरणीचा अर्थ चिकटला. मराठवाड्यात मेड म्हणून दारात येणारी मात्र बहुधा लेकुरवाळी असते, कधी नातवंडे झालेलीही.

मराठीत शब्दांची वाण नव्हती. मोल म्हणजे मजुरी, मोलाने राबते ती मोलकरीण. 'नोकर' फारसीतून आला, 'आया' पोर्तुगीजमधून. खेड्यात वेगळीच तऱ्हा होती. सालगडी पाडव्याला साल ठरवून शेतावर राहायचा आणि त्याची बायको बऱ्याचदा मालकाच्या वाड्यात झाडलोट, शेणपाणी करायची. ते त्याच सालात धरलेले. वेगळा पगार नाही, म्हणून तिच्या कामाला वेगळे नावही पडले नाही.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथल्या वसाहतींत हिशेब सुटा झाला. भांड्यांचे वेगळे, धुण्याचे वेगळे, फरशीचे वेगळे, पोळ्यांचे तर माणशी. न आलेला दिवस म्हणजे 'खाडा'; स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली पडते आणि महिनाअखेरीस तिच्यावरून घासाघीस होते. पाहुणे आले म्हणून वाढलेल्या भांड्यांची फुली कुठे मारलेली दिसत नाही.

या शब्दाची गंमत अशी की तो तिच्याविषयी वापरतात, तिला उद्देशून नाही. 'आमची मेड दोन दिवस झालं येईना गेलीय' हे फोनवर, शेजारणीला. तेवढ्यात बेल वाजली की, 'या मावशी.' हाक मारायला मावशी, ताई, नाहीतर थोरल्या लेकराच्या नावाने 'अमक्याची आई'. जुन्या घरांत 'भांडेवाली' अजून चालते. 'मेड' त्यापेक्षा सभ्य वाटतो, पण तो सभ्यपणा बोलणाऱ्याच्याच कामी येतो. पुरुषाला हा शब्द लागत नाही, तो 'गडी'च.

कायद्याने हे सगळे शब्द टाळले. राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम झाला. 'घरेलू' हा हिंदी वळणाचा, बोलण्यात कुणी न वापरणारा शब्द, पण त्यात निदान 'कामगार' आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारातही कामगार हाच शब्द आहे. भारताने त्याला मंजुरी दिलेली नाही. बाईला स्वतःला विचारले तर ती यातला एकही शब्द घेत नाही. 'चार घरची भांडी करते,' एवढेच सांगते.