रस्तेनियोजन, पायी व सायकलीसाठी सुरक्षित (कोकण किनारपट्टी)

पायी चालणारा आणि सायकलवाला गाडीखाली येऊ नये म्हणून रस्त्याची रुंदी, त्याच्या कडा, ओलांडायच्या जागा आणि गाड्यांचा वेग आधीच ठरवून ठेवणं, असा याचा साधा अर्थ. फूटपाथ, झेब्रा, गतिरोधक सगळ्यांना माहीत आहेत, त्यात इथं शिरत नाही.

कोकणात हा शब्दप्रयोग नवा, पण त्याचं काम करणारी व्यवस्था जुनीच आहे. पाखाड्या, साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) आणि सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या, पायवाटा धरून माणूस गाडीरस्त्यावर फारसा न येता शाळा, देऊळ, बाजार गाठायचा. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची चढण. पावसात तिला शेवाळ धरतं, मग कोणीतरी ब्लिचिंग पावडर टाकतं. शब्दाचं मूळ वादाचं आहे. 'पाखा' म्हणजे छपराची उतरती बाजू, त्याच्याशी नातं लावायचा मोह होतो, पण मुंबई-ठाण्याकडे पाखाडी म्हणजे वस्तीचा भाग, आळी (वांद्र्याच्या जुन्या पाखाड्या, कळव्याजवळची खारेगावची पाखाडी), तेव्हा आधी वाट की आधी वस्ती हा गुंता उरतोच. वाटेवरून वस्तीला नाव पडलं असावं हे जास्त पटतं, तरी ते सिद्ध धरू नये. साकवाचं तसं नाही, तो संस्कृत 'संक्रम'वरून आला हे बहुतेक मान्य आहे आणि बंगालीतला बांबूचा 'साँको' हा त्याचाच भाऊ.

गाडी किती वेगानं आदळली की माणूस दगावतो, हा या विषयातला कळीचा आणि सगळ्यात घोळाचा प्रश्न. अ‍ॅश्टन आणि मॅके यांच्या १९७९ च्या ब्रिटिश कामावरून पुढं सगळीकडं फिरलेले आकडे असे, की ताशी ३२ किलोमीटरला १०० पैकी ५ पादचारी दगावतात, ४८ ला ४५ आणि ६४ ला ८५. पोस्टरवर हेच छापतात. पण त्या जुन्या नमुन्यात जबर जखमींची भरती जास्त होती असा आक्षेप आहे आणि रोझेन व सँडर यांनी २००९ मध्ये जर्मन अपघातांची माहिती, जबर जखमींचं जादा प्रमाण हिशेबात धरून, पुन्हा मोजली तेव्हा मूळ धोका बराच कमी निघाला. तरी गंमत अशी की वेगाबरोबर धोका झपाट्यानं वाढतो हे तसंच राहिलं, म्हणजे ताशी ५० ला धोका ४० च्या दुपटीहून जास्त आणि ३० च्या पाचपटीहून जास्त. नंतरचे आकडे जास्त भरवशाचे वाटतात. आणि नियोजनापुरता दोन्ही अभ्यासांचा अर्थ एकच निघतो, वस्तीत वेग ३० च्या आत हवा. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे तर शाळेतलंच गणित. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये मंजूर केलेलं 'व्हिजन झिरो', म्हणजे रस्त्यावर एकही जीव जाऊ नये असं, धोरण याच पायावर आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी १९६० च्या दशकाअखेरीस सुरू झालेल्या 'वूनर्फ'चा, म्हणजे गाडीनं माणसाच्या चालीनं चालायच्या गल्लीचा, धडाही तोच. तिथं १९७६ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली.

भारतात रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका १९८८ ची, २०१२ मध्ये आणि नंतरही सुधारलेली. फूटपाथवर अडथळ्याविना किमान १.८ मीटर जागा, कडेची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. हे सगळं शहराच्या मापाचं. कोकणातल्या रस्त्याला फूटपाथ नसतो, साइडपट्टी असते, आणि तिची माती पहिल्या पावसात गटारात जाते, मग डांबराची कड वीतभर उंच राहते आणि छत्र्या घेतलेली पोरं एकामागोमाग एक त्या डांबरावरूनच चालतात. इथं १.८ मीटरपेक्षा साइडपट्टी घट्ट खडीनं भरणं आणि गटार झाकणं हे आधीचं काम आहे.

मुंबई-गोवा महामार्ग (पूर्वीचा १७, २०१० पासून ६६ क्रमांक) चौपदरी होताना गावं दोन्हीकडं वाटली गेली. तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, गावकरी 'मिडलकट' (दुभाजकात ओलांडायला सोडलेली फट) मागतात कारण अंडरपास लांब पडतो. पण मिडलकट ठेवला की भरधाव गाड्यांतून पायी ओलांडायचं, बंद केला की माणसं दुभाजकावरून उड्या मारतात. अंडरपास माणसाच्या रोजच्या वाटेवरच हवा, कागदावर सोयीच्या जागी नको, हे तिठ्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं.

सायकलीबद्दल थोडकंच. सायकलमार्गांचं भारतीय मानक १९६२ चं, नंतर २०१५ मध्ये बदललेलं, पण चढणी आणि खाड्यांच्या या मुलखात वेगळा ट्रॅक क्वचितच परवडतो, त्यामुळं निदान चढाच्या बाजूची साइडपट्टी पक्की आणि रुंद असावी, कारण तिथं सायकलचा वेग चालण्याइतका येतो आणि गाडीचा तोच राहतो. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडल्यासारख्या फेरीबोटींवर सायकल आणि गाडीच्या वेगातला हा फरक नीट दिसतो. बोट लागली की गाड्या एकदम सुटतात, म्हणून सरावलेले सायकलवाले शेवटची जीप वळणाआड जाईपर्यंत जेटीवरच थांबतात.